लाल-पांढरं फाटक

“सर, उघडू?”

वैजयंता शेलारनं तिसऱ्यांदा विचारलं. ती फाटकाच्या मागच्या टोकाशी उभी होती. फाटकाच्या अलीकडे नववी ‘ब’ची अकरा मुलं घरून आणलेल्या फाटक्या गोधड्या पांघरून निर्वासित होऊन बसली होती आणि त्यातली निम्मी गालात हसत होती.

“थांब गं. आधी अभिजितचं रडणं होऊ दे.”

“त्याचं रडणं हुईनाच झालंय, सर.”

खरंच होत नव्हतं. अभिजित माझ्या थोरल्या चुलत्यांचा, म्हणजे सरपंच आबांचा नातू. घरात चार म्हशी, दुधातुपाला तोटा नाही; पोराला जन्मात रडायचं कारण पडलेलं नव्हतं. म्हणून मी त्याच्या मुठीत कांदा चिरून दिला होता. कांद्यानं नाक वाहायचं, डोळे कोरडे.

“आमचा गुन्हा काय?” नाक ओढत अभिजित ओरडला. “आमची माती कुठे गेली? हे निष्ठुर जगा, उत्तर दे!”

ओळ माझीच होती. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा, बी.एड. झालेला आणि कविता करणारा. गावात माझ्या कविता कुणी ऐकत नसे, म्हणून मी त्या मुलांच्या तोंडी घालायचो. मुलं बिचारी मार्कांना भिऊन म्हणायची.

मी मान हलवली. वैजयंतानं मागचं वजन खाली दाबलं आणि लाल-पांढरे पट्टे मारलेला तो लांब बांबू हळूच वर गेला. निर्वासित पलीकडे पळाले. कुणीतरी गोधडीत पाय अडकून पडलं. मुलींनी ‘मानव सारे एक’ हे समूहगीत सुरू केलं. तेही मीच लिहिलेलं होतं, त्याबद्दल नंतर कुणी तक्रार केली नाही, हे नववी ‘ब’चे उपकार.

हे सगळं पुण्याच्या एका संस्थेमुळे सुरू झालं. जून महिन्यात संस्थेच्या मृणालताई आमच्या बोरजाईच्या हायस्कुलात आल्या. ग्रामीण मुलांना जगातल्या लढायांची आणि निर्वासितांची जाणीव करून द्यायची, असं त्यांच्या संस्थेनं त्या वर्षी ठरवलं होतं. का ठरवलं होतं ते विचारायची आमची टाप नव्हती. त्यांनी एक रंगीत पुस्तिका दिली. तिच्यात तंबू, काटेरी तारा आणि मोठ्या डोळ्यांची मुलं होती. ऑगस्टमध्ये तालुक्याला नाट्यस्पर्धा, विषय ‘युद्ध, निर्वासित आणि आपण’, आणि पहिल्या येणाऱ्या शाळेला एक संगणक. संगणक म्हटल्यावर आमचे मुख्याध्यापक मुळीक सर खुर्चीत सावरून बसले. सन दोन हजार दोनची गोष्ट आहे. आमच्या शाळेत तोवर विजेवर चालणारी वस्तू म्हणजे घंटा, आणि तीही बिघडलेली.

“तुमच्या परिसरात कुणी विस्थापित कुटुंबं असतील, तर मुलांना त्यांच्याशी बोलू द्या,” मृणालताई म्हणाल्या. “अनुभवातून शिकलेलं टिकतं.”

“आमच्याकडे तसलं काही नाही, ताई,” मुळीक सर म्हणाले. “आमचं शांत गाव आहे.”

तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात वैजयंताच उभी होती. तिचं गाव अकरा वर्षांपूर्वी धरणात गेलं होतं. सरकारनं ते घाटातून उचलून आमच्या गायरानात आणून टाकलं, चाळीस घरं, एक हापसा, आणि ‘नवी आंबेघळ’ अशी पाटी. पाटी सरकारी कागदावर आणि रस्त्यावर. गावाच्या तोंडी ते ‘धरणवाले’. अकरा वर्षांत एकानंही त्यांना आंबेघळकर म्हटलं नाही. मीही नाही. आणि त्या दिवशी मुळीक सर खोटं बोलताहेत असं मला वाटलंसुद्धा नाही, हे आता सांगायला लाज वाटते. निर्वासित व्हायला लढाई लागते, परदेश लागतो, मोठे डोळे लागतात, असा आमचा दोघांचाही प्रामाणिक समज होता. ताईंनी कप उचलला, वैजयंताला “थँक्यू बाळ” म्हणाल्या आणि पुस्तिकेतला पुढचा फोटो दाखवू लागल्या.

नाटकात मी पात्रांना नावं दिली युसूफ, मारिया, अलेक्झांडर. अभिजित मुख्य निर्वासित, कारण त्याचे उच्चार शुद्ध आणि आजोबा शाळासमितीचे अध्यक्ष. वैजयंता उंच, हाडापेरानं मजबूत. तिला मी फाटकाचा पहारेकरी केलं. संवाद एकही नाही. माझी मान हलली की फाटक उघडायचं, एवढंच काम.

एकदा तालमीत तीच म्हणाली, “सर, असं बोलत न्हाईत.”

“कोण?”

“गाव सोडून आल्याली मानसं. माती कुठं गेली, जगा उत्तर दे, असलं काय बोलत न्हाईत.”

“मग काय बोलतात?”

तिनं जरा आठवल्यासारखं केलं. “काय न्हाई. ट्रकातनं उतरल्यावर आज्यानं पैलं इचारलं, पानी कुठं हाय.”

“नाटकात असं चालत नाही,” मी म्हणालो. “प्रेक्षकांना भावना लागतात.”

“बरं,” ती म्हणाली आणि जाऊन फाटकापाशी उभी राहिली.

त्या फाटकानं मला दोन आठवडे छळलं होतं. गावच्या सुतारानं लाकडी पायावर दोन खांब ठोकले, बांबू खिळीवर बसवला, मुलींनी पट्टे रंगवले, आणि उभं केलं की फाटक तोंडावर पडायचं. शेवटी वैजयंता आपल्या आज्याला घेऊन आली. धाकू शेलार. सत्तरीचा, वाळका, डोक्याला मळकं मुंडासं. जुन्या गावाशेजारी जंगलखात्याचा नाका होता, तिथे त्यानं वीस वर्षं राखण केली होती. त्यानं आमच्या फाटकाभोवती एक फेरी मारली आणि हसला.

“मास्तर, वजन मागं पायजे. तुमी समदं तोंडाकडं घातलंया.”

संध्याकाळी तो डोक्यावर जात्याची वरची दगडी तळी घेऊन आला. जुन्या गावातून जी चार भांडी-लाकडं ट्रकात घालून आणली, त्यातलं ते जातं. खालची तळी उतरवताना फुटली, वरची राहिली होती. तिच्या भोकातून दोर ओवून त्यानं ती बांबूच्या मागच्या टोकाला टांगली, दोर दोन बोटं वर, दोन बोटं खाली केला, आणि मग वैजयंताला म्हणाला, “दाब.” तिनं एका हातानं दाबलं. तेवढा मोठा बांबू पाखरासारखा उचलला गेला.

“नाटक झालं की माजी तळी परत द्या,” तो जाताना म्हणाला. “तेवढीच ऱ्हायलीया.”

“देणार म्हणजे काय, देणारच,” मी म्हणालो.

स्पर्धा चौदा ऑगस्टला होती. टेम्पो साडेनऊला निघायचा, म्हणून मी सात वाजताच शाळेत गेलो. चार दिवस पावसानं झड लावली होती आणि त्या दिवशी जरा उघडीप होती. साडेसातला आबा आले. पांढरी टोपी, हातात छत्री, मागे पाच-सहा जण.

“दिनू, ते तुझं फाटक कुठं हाय?”

“आत. कुलपात. का हो आबा?”

“किल्ली दे. धरणवाल्यांचा एक म्हातारा मेलाय पहाटं. आपल्या शेडात जाळायला आणणार हाईत म्हनं. वाट अडवायची.”

आमच्या गावच्या स्मशानाला पत्र्याची शेड होती, आमदार निधीतून झालेली, आणि गावाला तिचा फार अभिमान. तिकडे जाणारी वाट शाळेच्या मागूनच, एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला कॅनॉलचा बांध. धरणवाल्यांना सरकारनं वेगळं स्मशान दिलं होतं, ओढ्याच्या पलीकडे, खडकावर, कागदावर. तिकडे पूल नव्हता.

“ओढ्याला छातीएवढं पाणी आहे, आबा. ते पलीकडे नेणार कसे?”

“ते त्यांनी आन् सरकारनं बघावं.”

“एका दिवसापुरतं तर आहे.”

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी पाढा चुकलो. “एका दिवसापुरतं काय नसतंय, दिनू. आज जाळतील, परवा राख सावडतील, पुढल्या साली म्हनतील, आमचा बा हितं गेलाय. एकदा राख पडली की हक्क पडला. गायरान गेलं, आता मसणवाटा बी द्यायचा का? तू एवढा शिकलास, आन् तुला एवढं कळंना?”

मागचे सगळे मान डोलवत होते. अकरा वर्षं हेच चाललं होतं. धरणवाल्यांनी आमच्या विहिरीवर पाणी भरलं की हक्क पडतो, आमच्या देवळात नारळ फोडला की हक्क पडतो. हक्क ही वस्तू जणू जनावरांच्या लाळ्या रोगासारखी, शिवली की लागायची.

“कोण गेलं?” मी विचारलं.

“त्यो नाक्यावरचा. धाकू का काय.”

माझ्या हातात किल्ली होती. मी ती खिशात घालू शकत होतो, हरवली म्हणू शकत होतो, निदान पाच मिनिटं वाद घालू शकत होतो. पण माझी नोकरी आबांच्या शब्दानं लागलेली, कायम व्हायला आठ महिने बाकी, आणि कायम करणाऱ्या समितीचे अध्यक्ष आबा. मी कुलूप काढलं. एवढ्यावर थांबलो असतो, तरी एखाद्या वेळी स्वतःला माफ केलं असतं. त्यांनी फाटक उचलून बाहेर नेलं, वाटेत आडवं उभं केलं, ते नेहमीसारखं तोंडावर पडलं. ते दोनदा पडलं. आणि मी, मुलांचं चुकलं की गप्प बसवत नाही अशा मास्तरकीच्या सवयीनं, आतून तळी घेऊन त्यांच्या मागे गेलो.

“ही मागं टांगा,” मी म्हणालो. “वजन मागं लागतं.”

आणि दोर बांधून दिला. दोन बोटं वर, दोन बोटं खाली.

तेवढ्यात मुळीक सर आले. त्यांना सगळी हकिगत कळली तसा त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, निदान हा माणूस काही बोलेल. ते आबांजवळ गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “आबासाहेब, साडेनऊला टेम्पो निघतो. तोवर फाटक मोकळं होईल ना? आणि एक विनंती, रंग खरवडू देऊ नका. कालच दुसरा हात दिलाय.”

आठ वाजून गेल्यावर ते आले.

पुढे वैजयंता होती. हातात शिंकाळ्यात विस्तवाचं मडकं. तिचा बाप मुंबईला गोदीत. निरोप गेला होता, पण तो पोचायला रात्र होणार, आणि घरात दुसरा पुरुष नाही. शाळेचाच निळा-पांढरा ड्रेस होता तिच्या अंगावर, बहुतेक स्पर्धेसाठी रात्रीच धुऊन ठेवलेला. मागे तिरडी, तिच्यामागे पंचवीस-तीस माणसं, येता येता आलेल्या सरीनं भिजलेली.

“पोरगीच्या हातात मडकं,” आमच्यातला एक जण म्हणाला. “घ्या. रीत ना भात.”

कुणीतरी हसलं. ज्यांनी माणसाला जळायला जागा नाकारली, त्यांना रीतीची आठवण होती.

शाळेच्या मागच्या भिंतीवरून नववी ‘ब’ पाहत होती. मुलं तालुक्याला जायचं म्हणून घरूनच सजून आली होती. गोधड्या, तोंडाला काजळीचे फराटे, अभिजितच्या कपाळाला पट्टी आणि तिच्यावर लाल शाई. एका बाजूला आमचे निर्वासित, दुसऱ्या बाजूला ते, आणि मध्ये फाटक. मृणालताईंनी यावं आणि फोटो काढावा, असं ते दृश्य होतं.

तिरडी फाटकाशी येऊन थांबली. आबा म्हणाले, “हितनं पुढं न्हाई.”

मी वाट पाहत होतो, की आता कुणी तरी ओरडेल, शिव्या देईल, छाती बडवेल. कुणी काही बोललं नाही. विसावा मागे गावाबाहेरच झाला होता, त्यामुळे तिरडी आता खाली टेकवायची नव्हती. चौघं नुसते उभे राहिले. थोड्या वेळानं दुसऱ्या चौघांनी खांदा दिला. मग पुन्हा पहिल्यांनी.

त्यांच्यातला एक म्हातारा पुढे आला. त्यानं आबांना हात जोडले, फाटकाकडे पाहिलं, पट्ट्यांकडे पाहिलं, आणि एवढंच विचारलं, “मग कुठं न्यायाचं?”

“जिकडनं आलासा तिकडं,” आबा म्हणाले.

म्हाताऱ्यानं मागे वळून ओढ्याच्या दिशेला पाहिलं. तिथून पाण्याचा आवाज येत होता.

तेवढ्यात वैजयंता बाजूनं, उसाच्या कडेनं, चिखलातून चालत फाटकाच्या मागच्या टोकाशी आली. तिची ती ठरलेली जागा. महिनाभर ती तिथेच उभी राहत होती. आमची माणसं पुढच्या टोकाकडे गर्दी करून होती. मागून कुणी येईल, आणि फाटक मागून उघडतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. वाटेवर ते फक्त मला, तिला आणि तिरडीवरच्या माणसाला ठाऊक होतं.

तिनं तळीकडे पाहिलं. आज्याची तळी ओळखायला तिला वेळ लागला नाही. दोराची गाठ पाहिली. ती गाठ कुणी मारलीय, हेही तिला कळलं असणार. मग मडकं डाव्या हातात घेतलं, उजवा हात तळीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“सर, उघडू?”

आवाज अगदी तालमीतलाच. रडका नाही, रागाचा नाही. शिकवल्यासारखं तिनं विचारलं, आणि आता मी मान हलवायची होती. एवढंच माझं काम होतं. फाटक वर गेलं असतं, तिरडी चार पावलांत आत आली असती, आणि आत आलेली तिरडी परत फिरवायची हिंमत आबांच्यातही नव्हती. कुठल्याच गावात कुणाच्यात नसते.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भिंतीवरची मुलंही. अभिजितच्या तोंडाचा आ झालेला.

मी आबांकडे पाहिलं.

आबांनी नुसती छत्री या हातातून त्या हातात घेतली. मी खाली पाहिलं. माझ्या चपलेला चिखल लागला होता, तो मी बांधाच्या दगडावर घासून काढू लागलो. चांगला निरखून, कडेकडेनं काढला. इतक्या मन लावून मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

वर पाहिलं तेव्हा वैजयंता पुन्हा तिरडीच्या पुढे गेली होती, आणि ती माणसं आलेल्या वाटेनं परत निघाली होती.

“झालं,” आबा म्हणाले. “उगा तमाशा व्हायला नको हुता, न्हाई झाला.”

सव्वानऊला फाटक टेम्पोत चढलं. रंग कुठेही खरवडला नव्हता. मुळीक सरांनी स्वतः पाहून खात्री केली.

तालुक्याला सादर करायची आमची पाळी तिसरी होती. पहिल्या शाळेनं तंबूंचा देखावा केला होता, दुसरीनं बॉम्बचे आवाज आणले होते. आमचं नाटक सुरू झालं आणि अभिजित रडला. कांदा न घेता. “आमचा गुन्हा काय” म्हणताना त्याच्या तोंडून शब्दच फुटेना, हुंदकेच येत होते. माझ्या सगळ्या ओळी वाया गेल्या आणि नाटक चांगलं झालं. पोरगं कुणासाठी रडत होतं, हे त्या सभागृहात बोरजाईच्या बारा-पंधरा जणांना माहीत होतं, आणि आम्ही ते कुणालाही सांगितलं नाही.

पहारेकरी नव्हता. नियमात एका शिक्षकाला रंगमंचावर मदत करायची मुभा होती, म्हणून मी डोक्याला खाकी टोपी घालून फाटकाशी उभा राहिलो. वेळ आली. मी तळीवर हात ठेवला आणि दाबली. म्हाताऱ्यानं वजन असं तोललं होतं, की खरंच जोर लागला नाही. दोन बोटांचं काम. समूहगीत सुरू झालं, लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

पहिला नंबर आमचा. परीक्षक बाईंनी भाषणात माझा खास उल्लेख केला. एक शब्द न बोलता पहारेकऱ्यानं माणुसकीचा विजय दाखवला म्हणाल्या, त्याच्या चेहऱ्यावरची अपराधाची छटा विसरता येणार नाही म्हणाल्या. मृणालताईंनी रुमालानं डोळे टिपले. आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं. सकाळी जे केलं होतं ते करून दुपारी माणसाला बरं वाटू शकतं, हे मी त्या दिवशी शिकलो. संस्थेच्या पुस्तिकेत हा धडा नव्हता.

तो संगणक पुढे चार वर्षं मुळीक सरांच्या खोलीत प्लास्टिकच्या झाकणाखाली होता. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं. मी आठ महिन्यांनी कायम झालो.

पण त्या संध्याकाळचं अजून राहिलंय.

आम्ही परत येत होतो. मुलं सुरुवातीला आरडाओरडा करत होती, पण नव्या आंबेघळीची पाटी दिसली तशी आपोआप गप्प झाली. पाटीच्या मागे, घरांच्या पुढे मोकळ्या जागेत, जिथे सरकारी नकाशात समाजमंदिर होतं आणि प्रत्यक्षात काहीच नव्हतं, तिथे चिता निम्मी जळून खाली बसली होती. ओल्या दिवसांत कोरडं लाकूड आणणार कुठून? आमच्या गावच्या वखारवाल्यानं दिलं नसणार, हे सांगायला नको. शेलारांच्या घराला दार नव्हतं. चौकटीसकट नव्हतं. भिंतीत नुसतं एक चौकोनी भोक, आणि छपराला पुढच्या अंगानं दोन वाशांच्या जागी टेकू. जुन्या घराची ऐनाच्या लाकडाची चौकट आणि वासे त्यांनी अकरा वर्षांपूर्वी ट्रकात घालून आणले होते, ते त्या दिवशी कामाला आले.

रस्त्याच्या मधोमध वैजयंता उभी होती. टेम्पो थांबला.

“सर,” मागून अभिजित हळूच म्हणाला, “तिला सांगायचं का, पहिला नंबर आला म्हणून?”

“गप बस,” मी म्हणालो आणि खाली उतरलो.

तिच्या ड्रेसवर राखेचे डाग होते, केस ओले होते. मी काहीतरी बोलणार होतो. वाटेत जुळवलंही होतं, एक-दोन चांगली वाक्यं होती.

“तळी द्या, सर,” ती म्हणाली. “आज्यानं नाटक झालं की परत मागितली हुती.”

मी मागे जाऊन दोर सोडला. माझीच गाठ, पण मला ती चटकन सुटेना. तळी उचलून दिली तेव्हा मला दोन्ही हात लागले. तिनं ती एका झटक्यात कमरेवर घेतली. जायला वळली आणि थांबली. टेम्पोतल्या त्या लाल-पांढऱ्या बांबूकडे पाहत तिनं विचारलं, “मी न्हवते, तर फाटक कुनी उघडलं?”

“मी,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. डोक्यावरची खाकी टोपी काढायची मी विसरलो होतो.

“म्हंजे येतंय की तुमास्नी,” ती म्हणाली, आणि तळी घेऊन रस्त्यावरून खाली उतरली.